नवरीच्या तोंडावरचं नाव

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, आणि ज्यांच्या दुकानात मी इतकी वर्षं काम करते त्या भाऊंजवळ तर नाहीच. मनातल्या मनात मात्र रोज कुणाला तरी सांगत असते. भांडी घासताना, दुकानाची पायरी झाडताना. सांगत सांगत एका ठिकाणापर्यंत येते आणि तिथं गप्प होते. आज तुम्हाला सांगायला बसलेय. बघू, त्या ठिकाणाच्या पुढं जाता येतं का.

आधी मी आज कशी आहे ते सांगते.

लोणावळ्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे भाऊंचा — पण मी 'आमचा'च म्हणते. लग्नाचे, साखरपुड्याचे, पवना धरणाच्या काठावर काढलेले लग्नाआधीचे फोटो मी कॉम्प्युटरवर नीट करते आणि ऑनलाइन टाकते, म्हणजे गिऱ्हाईक घरी बसून निवडतं. आणि ते कुणी उचलून नेऊ नयेत हे बघते. खरं माझं काम हेच.

गिऱ्हाईक समोर बसून मोबाईलवर फोटो बघत असलं की मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत नाही, बोटांकडं बघते. दोन बटणं एकदम दाबली की स्क्रीनशॉट निघतो. मला ते पाठमोरीही कळतं. नवरीची मावशी 'जरा पाणी मिळेल का' म्हणाली, की मला वाटतं — ही मला उठवायला बघतेय. एखादा फार गोड बोलला तर त्याच्यावर दुप्पट लक्ष. सकाळी देवाला उदबत्ती लावली की आमचे फोटो इंटरनेटवर शोधायचे: कुणाच्या पानावर गेलेत का? कुठल्या रिसॉर्टनं आपले म्हणून टाकलेत का? सापडतातच. मग त्याला फोन, मग भांडण. भाऊ गिऱ्हाइकांना हसून सांगतात, "हिला उर्शाच्या टोलनाक्यावर बसवा. आमदाराची गाडीपण फुकट जायची नाही."

लोक हसतात. मला 'प्रामाणिक' म्हणतात. चोराच्या मनात चांदणं — ही म्हण त्यांना माझ्याकडं बघून कशी आठवत नाही?

मी मूळची वाशीमकडची. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे सोडवली, पण ते रडगाणं इथं नको. नात्यातल्या एका बाईसोबत इकडं आले, ती परत गेली, मी राहिले. चिक्कीच्या दुकानात डबे भरायचे. तिथनं वहिनींनी — भाऊंच्या बायकोनं — मला उचललं. दुकानावरची खोली दिली, ताटात वाढलं. आधी मी फक्त झाडायची आणि पासपोर्ट फोटो कापायची. एके दिवशी भाऊ म्हणाले, "बस खुर्चीवर. माऊस काय चावत नाही." माझ्या घरातलं कुणी तोवर कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसलं नव्हतं. त्या खुर्चीपायी मी काय काय केलं असतं — मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं.

भाऊंनी पहिला धडा दिला तो नाव कुठं मारायचं याचा. ऑनलाइन टाकायचा फोटो आधी बारीक करायचा, म्हणजे छापला तर फुटतो. मग त्यावर स्टुडिओचं नाव आडवं मारायचं. वॉटरमार्क म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा नाव कोपऱ्यात टाकलं, फोटो छान दिसावा म्हणून. भाऊ म्हणाले, "कोपरा कापायला कितीसा वेळ लागतो? नाव अशा जागी मार, की ते पुसायला गेलं तर फोटोच मरेल." म्हणजे कुठं? तर तोंडावर. नवरीच्या गालावरून, नथीवरून, पार पलीकडं. पैसे चुकते झाले आणि फोटो निवडून झाले, की मगच बिननावाचे मोठे फोटो द्यायचे, तेही ज्याचे त्यालाच.

दुकानात तिसरा होता नामदेव. उर्शाच्या अलीकडल्या एका गावातला, घरची भातशेती. गाडी तोच चालवायचा, लाइट तोच धरायचा, रुसलेल्या नवरदेवाला तोच हसवायचा. मला 'ताई' म्हणायचा, खरं तर मोठा होता माझ्यापेक्षा. आधारवर इथला पत्ता घालायचा होता तेव्हा मला ऑफिसात शिरायची भीती वाटायची, तर हा वडगावला तहसीलमध्ये माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. वर मलाच म्हणाला, "ताई, तू आशी घाबरलीस तर ते सायेब तुलाच घाबरत्याल."

आता आई.

आईला मी माझं काम दाखवायला फोटो पाठवायची. ऑनलाइनवालेच, नाव मारलेले. आईला वाचता येत नाही. एकदा तिचा फोन आला, "बाई, ह्या नवरीच्या तोंडावर काय लिवलं वं? नजर लागू नये म्हून का?" मी हसले. सांगितलं, दुकानाचं नाव आहे. ती म्हणाली, "एवढी देखणी पोरगी अन् तोंडावर पाटी! पुसून धाड ना माय. लोकं म्हंतात, तुही पोरगी तिकडं झाडू मारते. दाखवतो त्यायले."

दाखवतो त्यायले. तुम्हाला ते दोन शब्द कसे वाटतात माहीत नाही. मला ते रात्रंदिवस ऐकू येत राहिले.

त्या दिवसांत तळेगावच्या एका लग्नाचं काम चाललं होतं. नवरी स्वतः शाळेत शिकवणारी. येऊन बजावून गेली होती — माझे फोटो कुठंही टाकायचे नाहीत, सासरी चालत नाही. भाऊंनी शब्द दिला होता. माझ्यासमोरच दिला. आणि माझ्या हातून आजवर नीट झालेला सगळ्यात चांगला फोटो तिचाच होता. मान किंचित वळलेली, मुंडावळ्या गालावर, आणि हसू अजून यायचं आहे असा. मी तो बिननावाचा घेतला. कडेला नवरदेवाचा कोपर दिसत होता, तो कापला — आईला नवरीच बघायची होती ना. आणि पाठवला. मोठाच पाठवला, बारीक केला नाही. आईच्या मोबाईलवर स्पष्ट दिसावा म्हणून.

एकच तर फोटो. आईच तर.

आईचा मोबाईल माझा चुलतभाऊ वापरतो. हे मला ठाऊक होतं की नव्हतं? होतं.

पावसाळा सरला आणि ती तळेगावची मुलगी वडिलांना घेऊन दुकानात आली. बसली नाही. देहूरोडला बाजारात एका ब्यूटी पार्लरवर नवीन फ्लेक्स लागला होता, आणि त्यावर ती होती. बसमधून जाताना तिच्या सासऱ्यांनी पाहिली. मुलगी भाऊंना एवढंच म्हणाली, "तुम्ही शब्द दिला होता." वडिलांनी मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो काढून आणला होता, तो काउंटरवर ठेवला.

नाव नव्हतं. आणि नवरदेवाचा कोपरही नव्हता.

कोपर नाही हे तिथं एकट्या मला दिसलं. भाऊंना वाटलं फ्लेक्सवाल्यानं कापला असेल. मी मागच्या खोलीत जाऊन चुलतभावाला फोन लावला. तो खूश! "ताई, ब्रायडल लूक म्हून टाकला मी. लय लाइक आल्या! कोणी कोणी घेतला पुढं, काय सांगू." मी त्याला म्हटलं, आत्ता काढ. त्यानं काढलाही असेल. पण असा फोटो निघतो का काढून? कुणाच्या पानावरून कुणाच्या पानावर, आणि तिथून त्या पार्लरवाल्याकडं. त्याला काय, फुकट नवरी मिळाली.

ती दोघं गेल्यावर भाऊंनी शटर अर्धं ओढलं. आम्ही तिघंच आत. भाऊ ओरडले नाहीत — ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बिननावाचा फोटो या खोलीतूनच गेलाय. कुणी नेला ते आत्ता सांगा, मी पार्लरवाल्याचं बघतो.

इथं येऊन मी रोज थांबते.

मी म्हणाले, "मागं नामदेव पेनड्राइव्ह लावून बसला होता."

खोटं नव्हतं ते. बसला होता तो. गावच्या यात्रेसाठी ढोल-लेझीमची गाणी भरायची होती त्याला. पण 'बसला होता' म्हणजे कसा? स्टुलावर, बाजूला. खुर्चीवर मी होते. कॉम्प्युटर त्याला जमत नव्हता. पेनड्राइव्हचं टोक कुठल्या बाजूनं घालायचं हेही त्यानं मला विचारलं होतं. गाणी मीच भरली होती, एकेक ऐकून.

नामदेवला आधी कळलंच नाही. तो हसलाच. "आवो भाऊ, ती गाणी व्हय! ताईनंच दिल्यात की भरून." आणि माझ्याकडं वळला. "सांग की ताई."

मी म्हणाले, "मला नाही आठवत."

भाऊंनी पुन्हा विचारलं, नीट आठव. मी पुन्हा तेच म्हणाले. दोनदा, म्हणजे पहिल्यांदा घाबरून निघालं असं म्हणायची सोय मला राहिली नाही. खोली जाईल, वहिनींचं ताट जाईल, ती खुर्ची जाईल — हे सगळं डोक्यात अगदी व्यवस्थित चाललं होतं. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचत होतं.

नामदेव माझ्याकडं बघत राहिला. त्याला राग आला असता तर मी त्याच्यावर चिडू शकले असते. पण त्याच्या तोंडावर काळजी होती — माझी. हिला काय झालं, अशी. मग हळूहळू ती गेली.

"बरं भाऊ," म्हणाला, गाडीची चावी काउंटरवर ठेवली आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडला.

त्यानंतर फ्लेक्स उतरला. तळेगावच्या मुलीनं अल्बम नेलाच नाही. वडील येऊन हिशोब चुकता करून गेले, अल्बम इथंच राहू द्या म्हणाले. भाऊंनी सगळ्या फोटोंचा पासवर्ड बदलला आणि नवा मला एकटीला सांगितला. "आता तुझ्यावरच," म्हणाले. वहिनींनी त्या दिवशी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं. मी खाल्लं.

बाजारात बोललं गेलं — नामदेवनं नवरीचे फोटो विकले. 'विकले' हे कुणी जोडलं? मी नाही. पण दुसऱ्या स्टुडिओवाल्यानं भाऊंना विचारलं, ठेवू का याला कामावर, तेव्हा मी तिथंच फोटो कापत बसले होते. भाऊ म्हणाले, तुझं तू बघ बाबा. त्यानं नाही ठेवलं. पुढं कळलं, नामदेव पुलाखाली गाड्या धुतो. मग कळलं, टेम्पो चालवतो. लग्नात लाइट धरायला तो परत कुठं दिसला नाही, आणि ते काम त्याला फार आवडायचं.

आणि मी? सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. आधी नवीन पोरांवर, मग गिऱ्हाइकांवर, मग वहिनींच्या भाचीवर — ती नुसती चार्जर लावायला आत आली होती. माझ्या पाठीमागं कुणी उभं राहिलं की मी स्क्रीन बंद करते. आतल्या खोलीत फोन आणायचा नाही, अशी पाटीही मीच दारावर लावलीय. भाऊंना वाटतं, ही दुकान राखते. खरं तर मी वाट बघत असते, की एखादा खरा चोर सापडेल. सापडला तर काय होणार आहे? त्यानं तो एक फोटो थोडाच नेलेला असणार?

गेल्या उन्हाळ्यात, इतक्या वर्षांनी, नामदेव आला.

बरोबर मुलगी, बारावी झालेली, कॉलेजच्या प्रवेशासाठी फोटो हवा होता. भाऊ बाहेरच्या शूटला गेले होते. त्यानं आत डोकावून विचारलं, "भाऊ न्हाईत व्हय?" नाहीत म्हटल्यावर आत आला. केस पांढरे झालेत. मला 'ताई' म्हणाला नाही. 'मॅडम' म्हणाला.

मी मुलीचे फोटो काढले. तिला म्हटलं, ये आत, कॉम्प्युटरवर बघ, आवडेल तो छापू. ती उड्या मारत आली आणि दारातून मागं वळली, "पप्पा, या ना! तुम्हीच म्हणता ना माझे फोटो वाकडे येतात."

तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबला. "तू बघ. मी न्हाई येत आत. फोन हाय माझ्याकडं."

"मग काय झालं?"

"हितं चालत न्हाई."

मी टोमणा शोधला त्या बोलण्यात. खूप शोधला — माझी सवयच ती. नव्हता. मुलीसमोर तो नुसता नियम सांगत होता, जसं देवळात सांगतात, चप्पल बाहेर काढ.

मुलगी माझ्या खुर्चीमागं उभी राहून फोटो बघत होती. तिला एक आवडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मी 'हो हो' म्हणत होते आणि दाराकडं बघत होते. नामदेवनं फोन खिशातून काढून काउंटरवर पालथा ठेवला होता. आणि दोन्ही हात पुढं धरून उभा होता, माझ्या खुर्चीतून नीट दिसतील असे.

मी उठून त्याला आत बोलावलं नाही. मुलीलाही काही सांगितलं नाही. तिचे फोटो छापले, कापले, पाकिटात घातले आणि दिले.