हातानं प्यायलेला चहा

मला वाटलं होतं, गावात अंधार असेल आणि मी दिवा घेऊन चाललेय. बंगळुरूला मानसशास्त्र शिकून मी युसूफ वडगाव या आमच्या गावी परतले तेव्हा बॅगेत कपडे कमी, तळमळ जास्त. आणि बघते तर काय, गावाला सगळं आधीच ठाऊक! तंबाखू जाळून केलेली मिश्री दातांना लावणं वाईट, हे बायकांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. फक्त ती सुटत नव्हती. म्हटलं, हेच तर आपलं काम! त्या कामात मी अशी काही आपटले की विचारू नका. पण आता बसलाच आहात तर ऐका.

माझी सुमनकाकू. डोळे उघडायच्या आधी तिचं बोट मिश्रीच्या डबीत. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा केजच्या डॉक्टरांनी दटावलं, "आता बंद करा, नाहीतर पुढं अवघड आहे." काकू हो म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायरीवरच डबी उघडली!

"काकू! अगं आत्ता हो म्हणालीस ना?"

"तोंड हो म्हनलं गं. बोटाला कुनी इचारलं?"

अख्खं पाठ्यपुस्तक एका वाक्यात! मी तिला तिथंच समजावलं, की निश्चय आपण जाणून करतो, पण हात जुन्याच वाटेनं जातात, आपल्या नकळत. काकूनं शांतपणे ऐकलं.

"बरं. मग तू काय सोडतीस?"

मी? मी चहा सोडला. करार झाला. मी चहाला शिवायचं नाही, काकूनं मिश्रीला. मी मोडला, की तीही मोकळी. आणि काकूनं पाळला हो! चिडायची, भांडी आदळायची, पण डबी उघडेना. कमरेच्या पिशवीत तशीच मिटलेली. माझी मान तर इतकी ताठ झाली की गल्लीतून चालताना खालचे खड्डे दिसेनात.

त्याच तोऱ्यात समाजमंदिरात बायकांची बैठक बोलावली. काकू पहिल्या रांगेत. आमच्याकडं बोलणाऱ्यापुढं चहा ठेवला नाही तर तो अपमान. त्यामुळं फळांचा गाडा लावणाऱ्या शमीमआपांनी रिवाजाप्रमाणं कपबशी आणून ठेवली. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. निश्चय म्हणजे निश्चय!

"बायांनो, आपल्याला कळतही नाही आणि हात आपोआप पुढं जातो…"

सगळ्या एकदम गप्प. डोळे मोठे. व्वा, काय प्रभाव! मध्येच शमीमआपा उठल्या, माझ्यापुढं चमचा हलवून परत बसल्या. मी कुठली थांबते?

"…आणि काम उरकल्यावरच आपल्याला कळतं!"

तेव्हाच मला कळलं. घसा गरम होता. बशी रिकामी होती. मीच ओतला, मीच फुंकला, मीच प्यायले!

समोर काकूचा हात कमरेच्या पिशवीकडं निघाला होता. तिचा तो चट्टा, आणि मी असली!

"करूनच दाखवलं की ताईनं!" मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या.

"हो तर!" मी म्हणाले. "प्रात्यक्षिकच होतं ते!"

काकूचा हात थांबला. मला वाटलं, वाचले.

सकाळी काकू ओट्याशी, काकांसाठी चहा गाळत. मी हळूच विचारलं, "डबी उघडली नाहीस ना?"

"कावून उघडू?"

"नाही, काल तुझा हात…"

"गेलता. त्याला सवय हाय. म्हनलं, बाबा, माघारी ये. आला."

सांगते तुम्हाला, माझा ऊर भरून आला. एवढी वर्षं शिकले, पण असा हात परतवलेला कुठं पाहिला नव्हता. म्हटलं, "बघ, माझ्या प्रात्यक्षिकाचा परिणाम!"

"कशाचं प्रात्यक्षिक गं? मधीच तू म्हनलीस, 'आपा, साखर थोडी कमी हाय.' त्या बिचारीनं उठून टाकली. दाखवायला पिनारी बाई साखर मागती व्हय?"

"म्हणजे… सगळ्यांना कळलं?"

"तर!"

"मग टाळ्या?"

"तुझं तोंड लई उतरलतं. घरचीच लेक, म्हनून वाजवल्या."

"पण मग करार मोडला. तू मोकळी होतीस."

"चहा तुझ्या हातानं पिला. माझा करार हाताशी न्हवता, तुझ्याशी होता." काकूनं गाळणी आपटली. "पन नंतर खोटं बोललीस, ते हातानं न्हाई बोललीस."

तिथंच, ओट्यापाशी उभ्या उभ्या ठरवलं. पुढच्या बैठकीत आधी खरं सांगायचं, मग शिकवायचं. आणि बोलताना काकूला शेजारी बसवून उजवा हात तिच्या ताब्यात द्यायचा.

"आन् डावा?" काकूनं विचारलं.

मी खाली पाहिलं. डाव्या हातात काकांची बशी होती. अर्धी.