ओळख देणाऱ्याची सही

वकिलीची सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षं मी झाशीच्या कचेरीत एका वयस्क नोटरींच्या हाताखाली बसत होतो. पत्र्याच्या शेडखाली त्यांचं तख्त, म्हणजे बसायचा लाकडी चौथरा, त्यावर टाइपरायटर, शिक्के आणि एक जाड नोंदवही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यामुळे शपथपत्राच्या तळाशी ‘शपथ घेणाऱ्यास मी ओळखतो’ या ओळीपुढे सही करताना माझा ऊर भरून यायचा. माझ्या ओळखण्याला सरकारी कागदावर किंमत आहे, याचंच मला नवल वाटे.

नियम साधा होता. सही करणाऱ्याला नोटरीने स्वतः ओळखावं. ओळखत नसेल, तर नोटरीच्या माहितीतल्या कोणी तशी लेखी ओळख द्यावी. साहेब हिंदीत सांगायचे, “पहले चेहरा, फिर काग़ज़, फिर क़लम।” बाकीच्या तख्तांवर एकमेकांच्या पक्षकारांना न बघताही ओळख दिली जायची. आमच्याकडे नाही.

एका दुपारी काका आले. सख्खे नव्हेत; झाशीत मराठी घरं मोजकी, त्यात सगळेच काका. पण माझ्यावर यांचे उपकार होते. वडिलांची पाळी असायची म्हणून कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत माझ्यासाठी हे दोन दिवस उभे राहिले होते. त्यांच्यामागे हनुवटीपर्यंत घुंघट घेतलेली एक बाई होती.

“बेटा, ही तुझी काकू. माझ्या धाकट्याची बायको,” काका म्हणाले. धाकटे भाऊ सहा महिन्यांपूर्वी वारले होते. प्रेम नगरचं घर दोघा भावांचं. आता ते एकट्या काकांच्या नावावर चढवायला काकूंची हरकत नाही, असं शपथपत्र होतं. सोबत मतदार कार्डाची झेरॉक्स होती. तिच्यातला फोटो म्हणजे काळा डाग.

इथल्या बुंदेली घरांत सुना जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, तोंड झाकतात. आमच्या बायका डोक्यावरून पदर घेतात, तोंड झाकत नाहीत. एकाही मराठी काकूला मी घुंघटात पाहिलं नव्हतं. हे मला त्या क्षणी खटकलं होतं. खटकलंच नाही असं पुढे मी काही जणांना सांगितलं, ते खोटं आहे.

“काकू, कागद वाचलात ना?” मी विचारलं.

घुंघट हलला. “तिला बोलवत नाही रे अजून,” काका म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पहचानते हो?”

मी काकूंना दोन-तीनदाच पाहिलं होतं, तेही गणपतीच्या आरतीच्या गर्दीत. पण भर कचेरीत एका विधवेला पदर वर करा म्हणायचं, आणि तेही काकांसमोर? मी म्हणालो, “जी, घर की हैं।” आणि सही केली. बाईने नोंदवहीत हिंदीत नाव लिहिलं, अंगठा उमटवला. साहेबांनी शिक्का मारला. काकांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

पावणेदोन महिन्यांनी एक बाई तख्तापुढे येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, तोंड उघडं, हातात शपथपत्राची नक्कल.

“वकीलसाहेब तुम्हीच ना? मला ओळखता म्हणे तुम्ही.”

मला कळेना. त्यांनी नकलेतल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

“बघ ना नीट. ओळखतोस ना? मग सांग, कधी आले होते मी इथे? नवरा गेल्यापासून मी चिरगाँवला आईकडे आहे. काल घरी गेले तर माझ्या खोलीचं कुलूप बदललेलं. गिऱ्हाईक घर बघायला आलेलं. जेठजी म्हणाले, तूच तर लिहून दिलंस.”

मी नोंदवही उघडून दाखवली. त्या कितीतरी वेळ तो अंगठा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोण होती रे ही?”

मला माहीत नव्हतं. आजही नाही.

त्या गेल्यावर साहेबांनी विचारलं, “चेहरा देखा था?”

“नहीं।”

“मैंने भी नहीं। मैंने तुम्हारा देखा था।”

घर विकलं जायच्या आत काकांच्या नावावर झालेली नोंद रद्द करायला एकच उपाय होता: मी त्या बाईचं तोंड पाहिलं नव्हतं, असं मी लिहून द्यायचं. त्यात माझी सनद धोक्यात होती, आणि साहेबांचा शिक्का त्याहून जास्त. घरी सांगितलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “त्यांनी रांग लावली होती तुझ्यासाठी.” मी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी साहेबांनीच कोरा कागद पुढे सरकवला. “लिखो। मेरा नाम मत बचाना।”

तो कागद घेऊन मी काकूंबरोबर घरांच्या नोंदी होतात त्या कार्यालयात गेलो. बाबूने तो दोनदा वाचला.

“ठीक है। पर आप ही असली हैं, इसका सबूत?”

मी पुढे झालो. “मैं पहचानता हूँ इन्हें।”

बाबू हसला. शेजारच्या टेबलावरचाही हसला. “वकील साहब, पिछली बार भी आप ही ने पहचाना था। आप रहने दीजिए।”

काकू माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला: रेशन कार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा फोटो. फोटोत काकाही होते. बाबू म्हणाला, मोहल्ल्यातला कोणी साक्षीदार आणा.

प्रेम नगरात आम्ही दारोदार फिरलो. “घर का मामला है, भैया,” म्हणत हिंदी घरांनी दार लोटलं. मराठी घरांनी चहा दिला आणि काकांच्या तब्येतीची चौकशी केली. एकही जण आला नाही. शेवटी काकू बबीनाला ज्या शाळेत शिवण शिकवायच्या, तिथल्या मोठ्या बाई बसने आल्या आणि त्यांनी ओळख दिली; मोहल्ल्यातल्या नसल्या तरी बाबूने ती मानली.

नोंद रद्द झाली. घर विकलं गेलं नाही. साहेबांचं नोटरीपद गेलं. त्यांनी शिक्के जमा केले, तख्त मात्र सोडलं नाही. तिथे बसून ते लोकांचे अर्ज टाइप करून देत. माझी सनद ताकीद देऊन राहू दिली. कशामुळे, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काकूंच्या खोलीचं कुलूप तोडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. त्यांनी मला बोलावलं नव्हतं.