कौलांनी गिळलेला उजेड

नव्वदच्या दशकात माणिकपूरला माझा छोटा स्टुडिओ होता आणि डोक्यात हवा मोठी होती. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटांमधली बारशी, साखरपुडे काढून काढून मी एक युक्ती पक्की केली होती. फ्लॅश माणसाच्या तोंडावर मारायचा नाही, छताकडे वळवायचा. तिथली छतं बुटकी आणि पांढरी. उजेड वर आपटून मऊ होऊन खाली यायचा. आपण फोटोत उजळ दिसतो म्हणून लोक खूश, आणि मी फुशारलेला.

एकदा वसईच्या वाडीतल्या एका जुन्या घरचं लग्न मिळालं. नवरीचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, हॉलवर येऊ शकत नव्हते. निघण्याआधी ती त्यांच्या पाया पडणार होती.

"बाकीचे कसेही येऊ देत, भाऊ, हा एक नीट काढा," ती म्हणाली. "बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तोंडावर फ्लॅश नका मारू."

"काळजीच सोडा," मी म्हणालो.

खोलीला एकच खिडकी, बाहेर केळीची दाटी. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी सवयीने फ्लॅश वर वळवला आणि बटण दाबलं. उजेड गेला तो परत आलाच नाही. मान वर केली, तर खूप उंचावर चुलीच्या धुराने काळी पडलेली कौलं. खरं तर खिडकीचा उजेड पुरला असता. कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर थोडा जास्त वेळ उघडं ठेवायचं, की दोघांचे चेहरे आले असते. मी शटर फ्लॅटमधल्यासारखंच ठेवलं होतं, क्षणभर उघडून मिटणारं.

"पुन्हा एकदा घेऊ," एवढंच म्हणायचं होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. ती डोळे पुसत विचारत होती, "आला ना?"

"झकास आला," मी म्हणालो. चूक कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

रोल धुतला तेव्हा खिडकी लख्ख आली होती, आणि तिच्यापुढे दोन काळे आकार. पंधरा दिवसांत वडील गेले. ती फोटो न्यायला आली तेव्हा मी सांगितलं, "तो रोलच खराब निघाला." तिने काउंटरवर हात टेकले. मग मलाच म्हणाली, "जाऊ दे, भाऊ. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बाकीच्या फोटोंचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं.

दोन वर्षांनी तिच्या मुलाचं बारसं त्याच घरी, आणि तिने मलाच बोलावलं. पाळणा त्या खिडकीपाशी बांधला होता. मी स्टँड लावला, शटर सावकाश ठेवलं, फ्लॅश नावापुरता. बटण दाबणार, तोच ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, रोल तेवढा नवा घातलाय ना?"

मी मान हलवली. तो पहिला रोलही नवाच होता, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नाही.