दिवस बुडायच्या आत

भूतबित असलं काही मी मानत नाही, हे आधीच सांगतो. हायस्कूलला विज्ञान शिकवतो. अमावस्येला तीन वाटांच्या तिकाटण्यावर उतरून टाकलेलं लिंबू उचलून सरबत करून प्यालेला माणूस आहे मी! तरीपण लॉकडाऊनमधली ही एक गोष्ट... तुम्हीच सांगा काय ती.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. समोर आण्णा — रिटायर्ड जैन गृहस्थ. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बेंगलोरला अडकलेला. आण्णा पॉझिटिव्ह आले, गेटवर बोर्ड लागला, गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू. कुणीही आत जायचं नाही असं गल्लीनं ठरवलं. आमच्या पोरीला दमा, त्यामुळं मीही मान डोलावली. फक्त सुनीता, आमची बायको, फणकारली, "डबा तर देणार की न्हाय? का माणसानं बोर्ड खायचा?"

मग रोज रात्री आमची जेवणं झाली की बिनकांदा-लसणाचा डबा मी त्यांच्या गेटला अडकवायचो. आण्णा खिडकीतनं हात हलवायचे. आम्ही खूश!

एका संध्याकाळी, ऊन होतं अजून, मी गेटकडं पाठ करून दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होतो. (हसू नका, तुम्हीपण धुतल्यात!) तेवढ्यात मागनं बाईचा खणखणीत आवाज —

"अगं ए सुनीता, दिवस बुडाय लागलाय की! डबा कवा देणार, उद्या?"

"आणतेच!" सुनीता आतनं ओरडली. मी वळून बघतो तर गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि मग ट्यूब पेटली. आण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत! इतक्या वर्षांचा शेजार, पण कांदा-लसूण तेवढं आठवलं आणि वेळच विसरलो. सुनीतानं कपाळावर हात मारला, भाकरी-आमटी भरली. मी पळत गेलो.

खिडकीत आण्णा नाहीत. हाका मारल्या, फोन लावला. आत रिंग वाजतीय, उचलत कुणी नाही. आत जावं तर पोरीचा दमा, न जावं तर... खरं सांगतो, गेटची कडी धरून तिथंच उभा राहिलो.

"पोरीला मी बघते, तुम्ही माडीवर ऱ्हावा!" सुनीता आमच्या दारातनं ओरडली. "पण आत जावा की आधी!"

दार नुसतं लोटलेलं. आण्णा खुर्चीत, घामानं डबडबलेले, काहीतरी बरळत होते. शुगरची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. साखरपाणी पाजलं. हळूहळू डोळे उघडले.

"दिवस बुडाला काय रे?"

"न्हाय आण्णा, हाय अजून."

"मग बघतोस काय? आण डबा!"

मी हसलो का रडलो, काय माहीत. मास्कमध्ये सगळं एकच.

नंतर कळलं, आमचा डबा ते सकाळी खायचे आणि संध्याकाळ चिरमुऱ्यांवर काढायचे. त्या दिवशी चिरमुरे संपलेले. "तुम्ही जीव धोक्यात घालून देताय, त्यात वेळ कुठं सांगत बसू?" म्हणाले.

मी माडीवर राहिलो. देवाच्या दयेनं कुणालाच काही झालं नाही, आण्णाही ठणठणीत झाले. माडीवरनं गल्लीतल्या एकूणएक बाईला फोन करून विचारलं. कुणीच हाक मारलेली नाही. भास म्हणावा तर सुनीतानंही ऐकलेला.

शेवटी आण्णांनाच सांगितलं.

"भर रस्त्यात असं वरडणारी आमचीच."

"म्हणजे... काकू?"

"खुळा का काय? आमच्यात मेलेलं माणूस भटकत न्हाय. लगेच दुसरा जन्म."

मग हळूच म्हणाले, "आवाज मोठा हुता म्हणतोस?"

"लई मोठा."

"मग बरी हाय म्हणायची तब्येत तिची."