बंदराच्या तोंडाशी धुकं

आमचे शेजारी, एक डच आजोबा, रॉटरडॅम बंदरातून निवृत्त झालेले. एका ऑक्टोबरच्या सकाळी ते मला आपल्या छोट्या बोटीतून सी-बास धरायला घेऊन गेले. हा मासा आपल्या जिताड्यासारखाच, आणि माझं माहेर अलिबागचं, त्यामुळे मी उत्साहाने निघाले.

बंदराच्या तोंडाशी, दगडी बांधाजवळ आम्ही गळ टाकले. दोन मासे लागले, ते बादलीत टाकले, आणि मग इतकं दाट धुकं आलं की समोर बसलेले आजोबाही पुसट दिसू लागले.

"इथेच थांबू. मोठी जहाजं बांधापासून लांबून जातात," ते म्हणाले.

थोड्या वेळाने बोटीखालचं पाणी कुणीतरी ओढून घ्यावं तसं सरकू लागलं. बांधाचे बुडालेले, शेवाळलेले दगड उघडे पडले. आवाज मात्र कसलाच नाही.

"घट्ट धरून बस!"

धुक्यातून एक काळी भिंत आली आणि अगदी जवळून सरकत राहिली. संपेचना. तेवढ्यात खूप उंचावरून कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "अरे, खाली कुणीतरी आहे रे."

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आहोत! आम्ही दोघं आहोत!"

पाणी उसळून परत आलं, बादली कलंडली आणि मासे गेले.

धुकं विरल्यावर आजोबांनी विचारलं, "तू कुणाला हाक मारलीस?"

मी सांगितलं. जहाजावर मराठी खलाशी असेल, असंही मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "पण मला काहीच ऐकू आलं नाही." आणि त्यांनी बोट किनाऱ्याकडे वळवली.