जुन्या डिस्कची हद्द

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या ग्रामसभेच्या संगणकात तसूभरही जागा उरलेली नाही!

ही घोषणा मी गोटुलाच्या ओट्यावर उभा राहून केली होती, आधी खाकरून आणि मग खांद्यावरचा गमछा झटकून. घोषणा साफ खोटी होती. ते मला कळायला सात महिने लागले.

धानोऱ्याच्या पलीकडचं, जंगलाच्या पोटातलं चाळीसेक घरांचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर. गोटुल ही गावाच्या बैठकीची जागा आणि तिथली प्रत्येक बैठक कॅमेऱ्यात भरून ठेवायची, असा गावाचा नेम. उद्या एखादा साहेब ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणाला, तर समोर ठेवायला पुरावा हवा. त्या सगळ्याचा कारभारी मी, कारण माऊस न घाबरता धरणारा दुसरा कुणी नव्हता.

संगणकातली डिस्क कटकट वाजायला लागली, तेव्हा मी गडचिरोलीहून दुप्पट मोठी डिस्क आणली. नारळ फोडला आणि जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं. जुनीने तेवढं काम करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी कायमची बसली. नवी जोडून पाहतो, तर पडद्यावर जागा जुनीएवढीच आणि तीही भरलेली. लाल पट्टी!

“गुरुजी, दुप्पट आणली म्हनत होते ना तुमी?” एकाने विचारलं.

“डब्यावर लिहितात एक, आत भरतात अर्धं,” मी ठसक्यात म्हणालो. “कंपन्यांचा धंदाच तो.” गाव हसलं. मला असं हसवायला फार आवडतं.

मग काय काय पुसायचं ते ठरवायला सभा बसली. आमच्याकडे हात वर करून मोजणी होत नाही. एक माणूस जरी ‘नाई’ म्हणाला तरी पुन्हा पहिल्यापासून बोलणं. दुपारपासून दिवस कलेपर्यंत बोलणं चाललं. बैठकांचं चित्रण पुसायचं नाही, यावर सगळे ठाम. लग्नांचं पुसायला पोरी तयार नव्हत्या. उरलं म्हाताऱ्याचं.

हा गावातला सर्वांत म्हातारा माणूस. जंगलाच्या हक्काचा दावा करायचा होता, तेव्हा तो तीन दिवस हद्दीवरून चालला आणि मी कॅमेरा घेऊन मागे. प्रत्येक नाल्याचं, टेकडीचं गोंडी नाव तो सांगायचा. मध्येच मोहाच्या एका झाडाखाली थांबून म्हणाला, “इथी हिनं मले पयल्यांदा शिवी देल्ली.” मागून टोपली घेऊन येणाऱ्या त्याच्या म्हातारीने तिथल्या तिथे तीच शिवी पुन्हा दिली. तेवढा तुकडा बघायला ती आठवड्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून गोटुलात यायची. “ते शिवीवालं लावा ना, गुरुजी.”

सभेत शेवटी म्हातारा स्वतःच उठला. “माह्यं काढा. मी तं जित्ताच आहो. कवाही बलावजा, पुन्हा सांगन.”

“अन् मी पुन्हा शिवी देईन,” म्हातारी म्हणाली. गोटुल हसून हसून आडवं झालं. कुणीच ‘नाई’ म्हणालं नाही. मी सर्वांसमोर बटण दाबलं, थोडा अभिनयही केला, डोळे पुसल्याचा. तो तुकडा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा, एवढंही या कारभाऱ्याला सुचलं नाही.

पुन्हा चित्रण करायचं राहून गेलं. आधी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी होती, मग माझ्या शाळेच्या परीक्षा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत म्हाताऱ्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला.

पावसाळ्याच्या तोंडाशी संगणक सुरूच होईना, म्हणून मी तो चंद्रपूरला एका दुकानात नेला. दुरुस्ती करणारी मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, “काका, अर्धी डिस्क रिकामी काऊन ठेवली?” तिने बोट ठेवलं तिथे एक लांब काळी पट्टी होती. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवली, त्यात तिच्या जागेची हद्दही उतरली होती आणि पलीकडची अर्धी जागा तशीच पडून होती. ती हद्द पुढे सरकवायची असते. तिने दोनदा क्लिक केलं. लाल पट्टी निळी झाली. चहा गरम होता तोवर काम संपलं. पुसलेलं परत मिळेल का, म्हणून विचारलं. त्यावर सात महिन्यांच्या बैठका चढल्या होत्या. मिळालं नाही.

कागदावरची हद्द खोटी आहे, म्हणून वर्षानुवर्षं भांडलेलं हे गाव. आणि मी त्या संगणकाने दाखवलेली पहिली हद्द मुकाट्याने मानली, वर कंपनीला चोर म्हणालो.

पुढच्या बैठकीत मी संगणक सुरू केला आणि सगळं सांगितलं. गमछा झटकला नाही. जागा पहिल्या दिवसापासून होती, हेही सांगितलं. कुणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.  म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिने त्या निळ्या पट्टीकडे बोट केलं, “मंग आता एवढ्या रिकाम्या जागेत काय भरता, गुरुजी?”