दोन गावांतून एकच उल्का

किस्से धोतराला लागलेल्या कुसळांसारखे असतात. एक उपटायला जावं तर चार हाताला येतात! त्यात आमच्या गायकवाड सरांचे तर विचारूच नका.

सर परभणीत विज्ञान शिकवायचे. त्या वर्षांत ते दोनच गोष्टींची वाट बघायचे, विद्यापीठाच्या नामांतराची आणि एका उल्केची. उल्का त्यांना एकाच वेळी दोन फोटोंत हवी होती. एक कॅमेरा परभणीत, दुसरा आमच्या झरी गावात, माझ्या घराच्या माळवदावर.

"चांदण्या दोन्हीत जागच्या जागी राहतील नाना, उल्का तेवढी सरकलेली दिसंल. दोन फोटो दोन डोळ्यांपुढं धरले की ती आभाळाच्या पुढं येऊन लटकती!"

मी सातवी नापास. म्हणलं, "लटकती तर काढूनच घेऊ की!"

* * *

झरीच्या पारावर सरांनी शिकवलं : अंगठा समोर धरा, आळीपाळीनं एकेक डोळा मिटा, अंगठा सरकतो. सरपंचांसकट दहा-बारा म्हातारे डोळे मिचकावत बसले. तेवढ्यात बाया पाण्याला निघाल्या!

सरपंच घरी बायकोला म्हणाले, "अगं, ते विज्ञान हाय."

"मग भाकर बी विज्ञानालाच मागा!"

* * *

पहिल्या डिसेंबरात लय उल्का पडल्या. माझा रोल कोरा.

"नाना, शटर उघडलं होतं ना?"

"उघडलं की! पुढचं झाकण काढा म्हणून कुठं सांगितलं?"

* * *

दुसऱ्या वर्षी एकही घावली न्हाई. धुतलेले दोन्ही रोल स्टुडिओतून मीच आणले आणि येताना एसटीत दोन्हींवर शाईनं एकेक झकास उल्का ओढली!

सर दोन दिवस गणित करत बसले. "नाना, हिशेबानं ही उल्का झरीच्या बसस्टँडच्या पत्र्याखालून गेली!"

मग सरांची स्टुडिओवाल्या मुनीरभाईला ताकीद : "नानानं ओढलेली रेघ दिसली की पुसून टाकत जा."

* * *

तिसऱ्या वर्षी ती आली! हिरवट, लांबलचक. मी झरीतून पाहिली, सरांनी परभणीतून. झाकणही काढलेलं! पहिल्या एसटीनं मी रोल घेऊन पोचलो. मुनीरभाईनं दोन्ही रोल धुऊन वाळत घातले तेव्हा मी तिथंच घुटमळत होतो.

संध्याकाळी मुनीरभाईनं निगेटिव्ह हातात ठेवल्या. नुसत्या चांदण्या.

"सर, नानानं पुन्हा खोडी केलती. दोन्हीकडं एकेक रेघ. पुसून निघंना जी, मग ब्लेडनं खरवडली!"

सर स्टुलावर बसून निगेटिव्ह दिव्यापुढं धरून बघू लागले.

मग म्हणाले, "दोन्ही रेघा एकाच जागी होत्या का?"

"न्हाई जी. एकात डावीकडं सरकलेली. नानाचा हात हलला असंल."

"सरकलेली? नक्की?"

"खुदा कसम!"

सरांनी उठून मुनीरभाईला कडकडून मिठी मारली. ब्लेड अजून त्याच्या हातातच होतं!